शनिवारचा फॉल्ट

दयानंदने तो व्हॉइस मेसेज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याच्या हातात प्लगचा पाना होता. तो पाना त्याने इतक्या जोरात फळीवर आपटला की फळीवरचे बाकीचे पानेही खाली आले. दुसऱ्यांदा ऐकला तो खात्री करून घ्यायला. तिसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती, पण राग ताजा ठेवायचा असला की माणूस असलं काहीतरी करतो.

आवाज लातूरच्या महांतेशचा होता. गाड्यांची इंजिनं बदलून, वाढवून पळवणाऱ्या नांदेड-लातूरकडच्या लोकांचा एक ग्रुप होता, दोनेकशे माणसांचा. महांतेशही त्यातलाच, लातुरात त्याचंही गॅरेज. तो अगदी शांतपणे, हळहळत बोलला होता. "श्रीशैलच्या झेनचं काय चाललंय ते सगळे बघून राहिलेत. नांदेडहून नीट होऊन येते, आठवड्यात परत तेच. मी कुणाचं नाव घेत न्हाई, पण काही गॅरेजवाले मुद्दाम फॉल्ट ठेवतात, गिऱ्हाईक परत आलं पाहिजे म्हणून."

नाव घेत नाही म्हणे. नांदेडहून नीट होऊन येते म्हटल्यावर नाव घ्यायचं राहिलं कुठे? नांदेडात असल्या इंजिनांचं काम करणारा माणूस एकच, आणि तो आत्ता खाली पडलेले पाने गोळा करत होता. चोरी केली असती, दारू पिऊन गाडी ठोकली असती, तर दयानंदने एकवेळ ऐकून घेतलं असतं. पण मुद्दाम फॉल्ट ठेवतो? चोवीस वर्षं ज्या हातांनी दुसऱ्यांनी ठेवलेले फॉल्ट काढले, त्या हातांना हे ऐकवायचं? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने लागलीच उत्तर पाठवलं, आणि तिथेच घोळ झाला. "त्या इंजिनात माझ्या हातचा फॉल्ट निघाला, तर उस्तादांचा बोर्ड उतरवीन. सगळ्यांसमोर सांगतो."

बोर्ड म्हणजे गॅरेजच्या दारावरचा पत्रा. 'वीरभद्र मोटर गॅरेज'. त्यावर दयानंदचं नाव कुठेच नव्हतं. वीरभद्र उस्तादांनी त्याला पाना धरायला शिकवलं आणि जाताना गॅरेज त्याच्या हवाली केलं. तेव्हापासून दर दिवाळीला तो स्वतः शिडी लावून ती अक्षरं रंगवायचा. बाकी सगळं तो उस्तादांसारखंच करायचा, एक सोडून. उस्ताद आलेल्या गिऱ्हाइकाला आधी बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे, मग विचारायचे. दयानंद आधी बॉनेट उघडायचा आणि मग ओरडायचा. त्याने वेळ वाचतो असं त्याचं मत होतं.

"बोर्ड कशाला मधी घातलात?" बायकोने, शिल्पाने, मेसेज ऐकून विचारलं. "स्वतःचं काहीतरी पणाला लावायचं व्हतं."

"माझं दुसरं हाय काय?" दयानंद म्हणाला, आणि ते खरंच होतं.

गाडी म्हणजे वीस वर्षांपूर्वीची लाल झेन. लोह्याजवळच्या माळावर मातीच्या ट्रॅकवर शर्यती व्हायच्या, त्यासाठी श्रीशैलने ती दयानंदकडून बांधून घेतली होती. मोठा कॅम, मोठं थ्रॉटल, मोठे इंजेक्टर, वर शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, आणि पेट्रोल कधी किती सोडायचं ते ठरवणारा वेगळा ईसीयू. तो दयानंदने लॅपटॉप मांडीवर घेऊन, लातूर रोडवर चकरा मारमारून, एकेक आकडा बघत बसवला होता. चार महिने गेले होते त्यात. पहिल्या शर्यतीत गाडी अशी पळाली की लोक बॉनेट उघडून बघायला आले. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तिला आजार जडला.

स्लोला उभी राहीना. सिग्नलला थांबली की इंजिनाच्या फेऱ्यांची सुई हजारावरून पाचशेवर, पाचशेवरून बाराशेवर, नुसती धाप. मागून काळा धूर, पेट्रोलच्या वासाने डोळ्यांत पाणी, आणि प्लग काढून बघावेत तर चुलीतून काढल्यासारखे काळेकुट्ट. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, गाडी रिच चालतेय, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. का जातंय, हा खरा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर शोधायची सोयच नव्हती, कारण श्रीशैल गाडी घेऊन नांदेडला पोहोचेपर्यंत ती ठणठणीत झालेली असायची.

तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा दयानंदने इंजिन उलटंपालटं केलं. इंजेक्टर काढून मशीनवर लावले, एकही टिपकत नव्हता. पेट्रोलचं प्रेशर मोजलं, बरोबर होतं. इंजिन थंड की गरम हे सांगणारा सेन्सर बदलला, कारण तो खोटं बोलला की गाडीला कायम थंडीतली पहाट वाटते आणि ती पेट्रोल ओतत राहते. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर बदलला. आणि दर वेळी श्रीशैलला समोर उभं करून तोच प्रश्न, वरच्या पट्टीत विचारला.

"नवीन काही जोडलंस का इंजिनात? वायर, हॉर्न, दिवा, काहीबी?"

"न्हाई भाऊ."

"नक्की न्हाई?"

"नक्की न्हाई." मग चाचरत, "फक्त एक हाय भाऊ. शनिवारी बिघडती. रविवार-सोमवार लई वाईट. गुरुवारपर्यंत बरी व्हती."

"इंजिनाला वार कळतो व्हय रे?" दयानंद ओरडला होता. "भिंतीवरचं कॅलेंडर बघून राहिलं का ते?"

श्रीशैलने मान खाली घातली. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, शिकलेला, बापाचं आडतीचं दुकान सांभाळणारा माणूस, आणि असलं अडाण्यासारखं बोलतो म्हणून त्याला लाज वाटली असेल, असं दयानंदला वाटलं. वाटलीच पाहिजे, असंही वाटलं.

ग्रुपवर बोर्डाचं बोलून झालं तो शुक्रवार होता. शनिवार दयानंदने दात खाऊन काढला. गाडी आजारी पडून माझ्याकडे येत नसेल, तर मीच आजाऱ्याच्या घरी जाईन, असं त्याने ठरवलं आणि रविवारी सकाळी लॅपटॉप आणि हत्यारांची पिशवी घेऊन लातूरच्या एसटीत बसला. श्रीशैलला कळवलं नाही. कळवलं तर गाडी बरी होते, एवढं आता त्याला कळून चुकलं होतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि दयानंद महांतेशला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होता. मधेच ओठही हलत असावेत, कारण चाकूरला शेजारच्या बाईने जागा बदलली.

औसा रोडला श्रीशैलचं घर. दार त्याच्या आईने उघडलं. गुरम्मा साठीच्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलण्यात कानडी हेल. दयानंदला त्यांनी दोनदाच बघितलं होतं, पण ओळखलं लगेच.

"ये तम्मा. श्रीशैल दुकानावर गेलाय, यील इतक्यात. भाकरी खाऊन घे."

"भाकरी नंतर, मावशी. चावी कुठं हाय?"

"खुंटीला."

गाडी अंगणात पत्र्याखाली उभी होती. दयानंदने चावी फिरवली. इंजिन लागलं, अडखळलं, थरथरलं, आणि मागून काळ्या धुराचा लोट निघून अंगणातल्या बेलाच्या झाडावर गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर आजारी होती. दयानंदला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला.

त्याने लॅपटॉप जोडला. पडद्यावर दहा-बारा आकडे हलत होते, पण त्याची नजर एकावरच गेली आणि तिथेच चिकटली. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब. गाडी जागेवर उभी असताना तो पंचेचाळीसच्या आसपास हवा. इथे पंच्याऐंशी होता. म्हणजे ईसीयूला वाटत होतं की गाडी चार माणसं घेऊन, पाय दाबून घाट चढतेय. मग तो बिचारा भसाभसा पेट्रोल सोडणार नाही तर काय करणार? गाडी अंगणात उभी, आणि तिच्या मेंदूला कुणीतरी घाटातली बातमी पोहोचवत होतं.

ही बातमी पोहोचवते ती पेन्सिलीएवढी एक रबरी नळी. इंजिनापासून निघून मागच्या पत्र्यावरच्या सेन्सरपर्यंत जाते. दयानंदने बॉनेट उघडलं आणि नळीवर बोट ठेवून बोट मागे मागे नेलं. आडव्या लोखंडी दांडीच्या खाली, जिथे नजर पोहोचत नाही, तिथे बोटाला काहीतरी ओलं आणि गुळगुळीत लागलं.

त्याने बॅटरी मारून वाकून बघितलं. तीन लिंबं. चांगली टपोरी, रसाने फुगलेली. त्यांच्यामध्ये सात हिरव्या मिरच्या, एक बिब्बा, आणि हे सगळं काळ्या दोऱ्याने, घट्ट तीन वेढे देऊन, त्याच नळीला बांधलेलं. वजनाने नळी मधोमध मोडली होती, आणि सेन्सरच्या तोंडाशी ताणून तिथून बाहेरची हवा आत ओढत होती.

दयानंदने लिंबं तळहातावर उचलून धरली. धाप थांबली. सुई हजारावर येऊन उभी राहिली, दाब सेहेचाळीस. लिंबं सोडली. सुई खाली कोसळली, धूर आला. परत उचलली, परत सोडली. तीन वेळा केलं त्याने. एकदा खात्रीसाठी आणि दोनदा नुसत्या संतापाने. इंजेक्टर, प्रेशर, दोन सेन्सर, तीन महिने आणि उस्तादांचा बोर्ड, हे सगळं तीन लिंबांना लटकलेलं होतं.

त्याने पिशवीतून कात्री काढली.

"ते कापू नको रे तम्मा," मागून गुरम्मा म्हणाल्या. त्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "कालचंच हाय, शनिवारचं."

"हे तुम्ही बांधलं, मावशी?"

"मग दुसरं कोण बांधल? पहिल्या शर्यतीत गाडी पळाली, सगळ्या गावानं बघितलं. लागली दृष्ट. म्हणून एक बांधलं. तर गाडी बिघडाय लागली. म्हटलं दृष्ट मोठी हाय, दोन बांधली. अजून बिघडली. आता तीन हायत. येत्या शनिवारी पाच बांधणार व्हते."

दयानंदने डोळे मिटले. शनिवारी ताजं लिंबू, नळी मोडलेली. गुरुवारपर्यंत इंजिनाच्या उष्णतेने वाळून हलकं, नळी मोकळी. शनिवारी परत ताजं. इंजिनाला वार खरंच कळत होता.

"पुढं बंपरला का न्हाई बांधलं?"

"शर्यतवाले म्हणले, बाहेर काही लोंबकळायचं न्हाई. मग श्रीशैलच म्हणला, आत बांध, दिसणार न्हाई. जागा त्यानंच दाखवली."

"आणि नांदेडला येताना?"

"काढून डिकीत ठेवतो. परत आला की बांधतो." गुरम्मांनी हे अगदी सहज सांगितलं. "तू चिडतोस म्हणून."

गाडी बांधून श्रीशैलच्या ताब्यात दिली तो दिवस तेव्हा दयानंदला आठवला. गुरम्मा मुलाबरोबर नांदेडला आल्या होत्या. त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली, आणि दयानंदने ती सगळ्यांसमोर ओढून भिंतीपलीकडे फेकून दिली होती. माझ्या इंजिनाला भाजीपाला लागत न्हाई, असं म्हणाला होता. ऐकणारे हसले होते. गुरम्मा हसल्या नव्हत्या. पण ही आठवण त्याने झटकून टाकली, कारण तेवढ्यात फाटकातून श्रीशैलची स्कूटी आत आली आणि रागाला माणूस मिळाला.

श्रीशैलने उघडं बॉनेट बघितलं, दयानंदच्या हातातली लिंबं बघितली, आणि स्कूटी स्टँडला लावायची विसरला. ती पडली.

"नवीन काही जोडलंस का, म्हणून विचारलं व्हतं," दयानंद म्हणाला. "किती वेळा विचारलं?"

"भाऊ..."

"किती वेळा?"

"तीन."

"आणि तू तिन्ही वेळा तोंडावर न्हाई म्हणलास. तिकडं तो महांतेश मला चोर म्हणून राहिला, दोनशे माणसं ऐकून राहिली, मी उस्तादांचा बोर्ड पणाला लावला, तरी तू गप. तुझ्या डिकीत लिंबं, आणि तू गप?"

"मला वाटलं लिंबाचा इंजिनाशी काय संबंध," श्रीशैल पुटपुटला. "भाऊ, एक काम करा. ग्रुपवर हे नका सांगू. अव्वाला हसतील लोक."

या वाक्यावर दयानंदचं डोकं खरं फिरलं. अव्वाला हसतील. अव्वा समोर तांब्या घेऊन उभी होती, तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. भ्यायला होता हा. रेसिंगचे हातमोजे घालून फोटो टाकणाऱ्याच्या इंजिनात लिंबू निघालं, हे कळायला नको होतं त्याला. आणि त्यासाठी आईला पुढे करत होता. पण वाईट असं की दयानंदलाही खात्री नव्हती. खरं सांगितलं तर बोर्ड वाचतो, पण त्या दोनशेतले निम्मे लोक या बाईवर महिनाभर विनोद करतील, हेही त्याला दिसत होतं. भिंतीपलीकडे फेकलेलं लिंबू परत आठवलं.

"तूच लिही," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या तोंडानं, तुला जमंल तसं. पण माझ्यावरचं किटाळ काढ."

श्रीशैलने बराच वेळ टाइप केलं, खोडलं, परत केलं. मग मोबाइल खिशात ठेवला. दयानंदने आपल्या मोबाइलवर वाचलं. 'फॉल्ट सापडला. दयानंदभाऊ स्वतः लातूरला आले आणि नीट करून दिला. थँक्यू भाऊ.' खाली हात जोडलेले.

मिनिटभरात महांतेशचं उत्तर आलं. 'म्हणजे फॉल्ट होताच. बोर्डाचं काय ठरलं मग?' त्याखाली हसणारे चेहरे, एक, दोन, सात.

दयानंदने लॅपटॉप मिटला, हत्यारं पिशवीत भरायला घेतली. एकेक पाना तो मुद्दाम सावकाश ठेवत होता, कारण घाई केली असती तर त्यातला एखादा श्रीशैलच्या दिशेने गेला असता.

"काय झालं? त्याचं तोंड का असं झालं?" गुरम्मांनी मुलाला विचारलं. श्रीशैल पडलेली स्कूटी उचलायला वळला. मग त्यांनी दयानंदला विचारलं, आणि दयानंदने सांगितलं. नळीचं, दाबाचं, महांतेशचं, बोर्डाचं.

गुरम्मांनी तांब्या खाली ठेवला. "आण तो मोबाइल."

"अव्वा, राहू दे," श्रीशैल म्हणाला.

"आण म्हणते न्हवं. कुठं दाबायचं? तू धर दाबून. हात काढू नको." त्यांनी पदर सारखा केला आणि मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेलं. "मी गुरम्मा बोलून राहिले. श्रीशैलची आई. इंजिनात लिंबं मी बांधली. जागा ह्यानं दाखवली आणि लपवलं बी ह्यानंच. लिंबाच्या वजनानं नळी मोडली, म्हणून गाडी बिघडत व्हती. नांदेडच्या दयानंदानं फॉल्ट ठेवला न्हाई. ठेवला असं ज्यानं म्हणलं, त्यानं माझ्या दारात येऊन म्हणावं. ज्याला हसायचं त्यानं हसा. माझ्या लेकराला काही होऊ नये म्हणून मी बांधलं, हसण्यासारखं त्यात काय हाय मला ठाऊक न्हाई."

श्रीशैलचा अंगठा हलला. त्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"थांब, झालं न्हाई. आणि हा दयानंद लई ओरडतो. त्याच्या ओरडण्याला भिऊन पोरं खरं सांगत न्हाईत. ते बी त्याच्याच हातचं हाय. ते बी त्यानं नीट करावं. आता सोड."

मेसेज गेला. मग नायगावच्या कुणीतरी लिहिलं, 'अव्वा, तुमचं बरोबर आहे.' मग कंधारच्या एकाने नुसते हात जोडले. महांतेशने आपला मघाचा मेसेज काढून टाकला.

बोर्ड वाचला होता. एसटीत घोळवलेलं सगळं भाषण वाया गेलं, पण बोर्ड वाचला होता. तरी दयानंदच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि त्या महांतेशमुळे नव्हत्या. माझ्या हातचा फॉल्ट निघाला तर, असं तोच म्हणाला होता. आणि तो निघाला होता. दोनशे माणसांनी तो ऐकला होता. उस्ताद असते तर त्यांनी श्रीशैलला पहिल्याच दिवशी बाकावर बसवलं असतं, पाणी दिलं असतं, आणि लिंबू दुपारच्या आत बाहेर आलं असतं.

त्याने पिशवी परत उघडली. नळीचं ताणलेलं तोंड कापून ती नव्याने बसवली, वर पत्र्याची पट्टी लावून झाकली. मग जाड तार पक्कडीत वाकवून एक आकडा केला आणि पुढे जाळीच्या आतल्या बाजूला, जिथे काही दाबत नाही, काही तापत नाही, आणि बाहेर काही लोंबकळत नाही, तिथे बोल्टने आवळला.

"मावशी, इथं बांधा. पाच बांधा, सात बांधा, पण इथंच."

गुरम्मांनी वाकून बघितलं, आकडा हलवून बघितला, आणि भाकऱ्या टाकायला आत गेल्या.

दयानंद पायरीवर बसला. श्रीशैल अजून खांबाला टेकून उभा होता. "बस," दयानंद म्हणाला. श्रीशैल बसला, पण हात पोहोचणार नाही एवढं अंतर ठेवून. दयानंदने तांब्या त्याच्याकडे सरकवला. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबला. हे थांबणं त्याला इंजिन उतरवण्यापेक्षा जड गेलं.

"आता सांग," तो म्हणाला. "अजून काही जोडलंय का? काही लावतोस, काही घालतोस?"

श्रीशैलने घराच्या दाराकडे बघितलं, मग दयानंदच्या हातांकडे. त्यात पाना नव्हता.

"एअर फिल्टरला," तो हळूच म्हणाला, "दर सोमवारी खोबरेल तेल लावतो भाऊ. चमकतो म्हणून."

दयानंदचं तोंड उघडलं. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता, तो तेवढ्यात थांबला. दयानंदने तोंड मिटलं, आणि आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा इतक्या खालच्या पट्टीत विचारलं,

"किती लावतोस?"